उत्तर: 21 जूनची सहल – ओल्ड कोर्स रविवारी बंद, तारीख बदलायची का?

विनायक, सोमवार रात्री 9.40

नमस्कार मंडळी,

बसवाल्याला शुक्रवारी पक्कं कळवायचंय म्हणून घाईत लिहितोय. 21 जून, रविवार, मंडळाची सहल स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला, ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानावर, असं बैठकीत ठरलं. 19 नावं आली, त्यातले 11 खेळणारे. आज मिलिंदचा फोन आला की ओल्ड कोर्सवर रविवारी गोल्फ बंद असतो. बैठकीत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. आता एकतर तारीख सोमवार 22 करायची, नाहीतर रविवार ठेवून दुसरा कोर्स बघायचा. गेल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात बदल केला तेव्हा बसचं आगाऊ भाडं बुडालं होतं, ते पुन्हा नको. बुधवार रात्रीपर्यंत मतं कळवा.

विनायक

मिलिंद, सोमवार रात्री 11.05

विनायक, हा नियम फार जुना आहे. जुन्या काळचा नामांकित गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस 1865 पासून त्या मैदानाची देखभाल बघायचा. तुम्हाला विश्रांती नको असेल, पण जमिनीला हवी, असं तो म्हणायचा, अशी आठवण तिथे अजून सांगतात. ब्रिटिश ओपनसारखी मोठी गोल्फ स्पर्धा असेल तरच रविवारी खेळ होतो. आपल्यासाठी उघडणार नाहीत.

माझं मत सोमवारला. पण 11 जण एकदम जाऊन खेळू असं समजू नका. ओल्ड कोर्सच्या बॅलटमध्ये (खेळायची वेळ देणाऱ्या सोडतीत) एका अर्जात कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार नावं घेतात. म्हणजे आपले तीन अर्ज, आणि प्रत्येक वेगळा निघणार. सोमवारच्या खेळाची सोडत शनिवारी होते, कारण मध्ये रविवार. एखादा अर्ज लागेल, कदाचित एकही नाही. शिवाय प्रत्येकाला अधिकृत हँडिकॅपचा (खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा) पुरावा दाखवावा लागतो. आपल्या 11 जणांत तो माझ्या माहितीप्रमाणे पाच जणांकडे आहे. ग्रीन फी, म्हणजे एका फेरीचे पैसे, तीनशे पाउंडांच्या वर आहे, तेही घरी बोलून ठेवा.

ज्यांचं नाव लागणार नाही त्यांनी शेजारच्या न्यू कोर्सवर खेळावं. नाव न्यू असलं तरी तो 1895 चा आहे आणि ओल्ड टॉमनेच आखलाय. तिथे हँडिकॅप विचारत नाहीत. मी दोन्हीकडे खेळलोय. पैसे आणि खेळ दोन्ही धरले तर अख्ख्या फाइफ परगण्यात मी न्यू कोर्सलाच पहिला नंबर देईन. दोन्ही बाजूंना गॉर्सची काटेरी झुडपं आहेत, चेंडू सरळ मारला नाही तर तो गेलाच. ओल्ड कोर्सवर डावीकडे बरीच मोकळी जागा मिळते, इथे ती सवलत नाही.

शुभदा, मंगळवार सकाळी 7.15

सोमवार जमणार नाही. शाळा त्या आठवड्याच्या शेवटी सुटतात, 22 तारखेला मुलांना वर्ग आहेत. आपल्यातल्या निम्म्या बायका हॉस्पिटलात शिफ्टवर असतात. त्यांनी महिनाभर आधी रविवारची सुट्टी मागून घेतली आहे, आता बदली कुठून आणायची? 19 नावांतली 8 माणसं न खेळणारी आहेत, आणि हा सगळा पत्रव्यवहार 11 जणांसाठीच चाललाय. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार तास क्लबहाउसबाहेर वाऱ्यात उभ्या होतो, मुलं रडकुंडीला आली होती. ते पुन्हा नको.

सेंट अँड्र्यूजला 'हिमालयाज' आहे हे किती जणांना माहीत आहे? ओल्ड कोर्सला लागूनच पटिंगचं (चेंडू हलकेच ढकलत भोकात घालायचं) मैदान आहे, सगळं उंचसखल. तिथल्या बायकांचा पटिंग क्लब 1867 साली सुरू झाला, तेव्हा बायकांनी क्लब खांद्याच्या वर उचलून मारणं शोभत नाही असं मानायचे. आज थोड्याशा पैशांत कुणालाही खेळता येतं, पटर आणि चेंडू तिथेच मिळतात. सभासदांच्या खेळाच्या वेळी पाहुण्यांना बंद असतं, तेवढी वेळ मी फोन करून विचारते. रविवार ठेवा. ओल्ड कोर्सवरच खेळायला हवं असं कुणी सांगितलंय?

आनंदकाका, मंगळवार सकाळी 10.30

शुभदाताईंशी सहमत. आणि इतक्या लांब जायचंच कशाला? मसलबरा आपल्या दाराशी आहे. तिथल्या रेसकोर्सच्या आत नऊ होलचा ओल्ड लिंक्स (किनाऱ्याजवळचा जुना गोल्फ कोर्स) आहे, तिथे 1672 साली गोल्फ खेळल्याची लेखी नोंद आहे. 1874 ते 1889 या काळात सहा वेळा ओपन इथे झाली. जुन्या पद्धतीचे हिकरी लाकडाच्या दांड्यांचे क्लब भाड्याने मिळतात. त्यांनी खेळून बघा, मग कळेल आजच्या क्लबांनी खेळ किती सोपा केलाय.

ताई, बायकांचा विषय काढलात म्हणून सांगतो. 1811 च्या नववर्षदिनी मसलबराच्या मासळी विकणाऱ्या बायकांसाठी इथल्या क्लबाने गोल्फची स्पर्धा ठेवली होती. बक्षीस म्हणून मासळीची नवी टोपली आणि शाल. तुमच्या 1867 च्या छप्पन्न वर्षं आधी! माझी आजी अलिबागच्या बाजाराची, टोपली डोक्यावर घेऊन आठ मैल चालायची. त्या स्पर्धेबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजीच डोळ्यांपुढे आली.

मिलिंद, मंगळवार दुपारी 1.20

> मसलबरा आपल्या दाराशी आहे

काका, नोंदीबद्दल वाद नाही. पण सेंट अँड्र्यूजच्या लोकांना त्या जमिनीवर गोल्फ खेळायचा हक्क 1552 च्या सनदेत लिहून दिलाय. 18 होलही तिथूनच आले. आधी फेरी 22 होलांची होती, 1764 मध्ये काही होल एकत्र करून 18 केले आणि पुढे जगाने तेच उचललं. नऊ होल खेळायला 11 जणांना बसमधून न्यायचं हे मला पटत नाही. मसलबराला तुम्ही दर बुधवारी जाताच.

आनंदकाका, मंगळवार दुपारी 1.55

दर बुधवारी जातो म्हणूनच खात्रीने सांगतोय. आणि होलचं आजचं माप, सव्वाचार इंच, ते कापायचं सगळ्यात जुनं यंत्र 1829 चं आणि ते मसलबराचंच. पुढे जगाने तेही उचललं.

संजय (कर्कॉडी), मंगळवार संध्याकाळी 6.10

सेंट अँड्र्यूज की मसलबरा, एवढ्यावरच का अडलोय? मध्ये अख्खा फाइफचा किनारा आहे. मी कर्कॉडीला राहतो, त्यामुळे माझा ओढा तिकडे आहे, पण कारणंही देतो.

लेव्हनला जून 2024 पासून पुन्हा रेल्वे सुरू झाली आहे. 1969 ला बंद पडली होती. एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनात बसायचं, लेव्हनला उतरायचं, बॅग खांद्यावर टाकून चालत लेव्हन लिंक्सला. बसचा प्रश्नच मिटला. शेवटच्या होलवर ग्रीनच्या (भोकाभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अगदी पुढे स्कूनी बर्न नावाचा ओढा आहे. दिवसभर बरा खेळ झालेल्याचाही तिथे श्वास अडकतो. पूर्वी लेव्हन आणि शेजारचं लंडिन मिळून एकच कोर्स होता. 1909 मध्ये मधल्या दगडी भिंतीवर दोन भाग झाले, मग दोन्हीकडे नऊ-नऊ होल नव्याने आखले.

पुढे ईली. पहिला फटका टेकडीवरून, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून स्टार्टरच्या (खेळ सुरू करून देणाऱ्याच्या) खोलीत पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय, त्यातून पुढचा गट गेला का ते बघतात. माझ्या मुलाला तेवढा पेरिस्कोप बघायलाच ईलीला जायचं असतं. संपूर्ण कोर्सवर एकही पार फाइव्ह (पाच फटक्यांत संपवायचा होल) नाही. पाच वेळा ओपन जिंकलेला जेम्स ब्रेड ईलीच्या शेजारच्या अर्ल्सफेरीत जन्मला.

क्रेल तर जवळजवळ समुद्रातच आहे. तिथली सोसायटी 1786 ची, बालकोमी कोर्स ओल्ड टॉमच्या हातचा. किंग्जबार्न्सला चकाचक नवा कोर्स आहे, 2000 चा, पण मंडळाच्या खिशाला तो झेपायचा नाही.

शुभदा, मंगळवार रात्री 8.45

संजय, रेल्वेने जायचं तर 19 जणांचे डबे, चटया, मुलांचे कपडे कोण उचलणार? बस हवीच. रेल्वेनेच जायचं असेल तर नॉर्थ बेरिक बरं, अर्ध्या तासात पोहोचतो आणि सगळं स्टेशनाजवळ. तिथे मुलांसाठी नऊ होलचा वेगळा कोर्स आहे, मोठ्यांना लहान मूल बरोबर असेल तरच खेळता येतं. पण ते सप्टेंबरसाठी ठेवू.

मिलिंद, मंगळवार रात्री 9.10

नॉर्थ बेरिकचं नाव निघालंय म्हणून लिहितो. तिथल्या वेस्ट लिंक्स कोर्सवर 15 वा होल, रेडान, जगात सगळ्यात जास्त नक्कल झालेला पार थ्री आहे. ग्रीन तिरकं, मागे उतरतं, पुढे खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. नाव क्रिमियन युद्धातल्या किल्ल्यावरून पडलंय. 13 व्या होलवर ग्रीनच्या पुढे चक्क दगडी भिंत आहे, त्यावरून चिप (छोटा उंच फटका) मारायची. सप्टेंबरसाठी माझं मत आत्ताच नोंदवून ठेवा.

केतकी, मंगळवार रात्री 11.30

नमस्कार. मी इथे फारसं लिहीत नाही, नवीन आहे. 19 नावांत माझी दोन आहेत, मी आणि बाबा. बाबा 14 जूनला पुण्याहून येतायत, त्यांचं वय 71.

बाबा अकराव्या वर्षापासून पुण्यात कॅडी होते, सहा वर्षं. दुसऱ्यांच्या बॅगा उचलून त्यांनी शाळेची फी भरली. नंतर तलाठी झाले आणि गोल्फ सुटला. पण घरी एका वहीत पेपरातली कात्रणं आहेत, आणि त्यात शेवटच्या होलवरचा तो छोटा दगडी पूल चार-पाच वेळा आहे. ओपन लागली की रात्री उशिरापर्यंत बघतात. पडद्यावर खेळाडू बोलण्याआधीच कुठला क्लब घेणार ते सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर असतं.

त्यांना खेळायचं नाही. हँडिकॅप नाही, गुडघेही साथ देत नाहीत, सपाटीवर दीड-दोन मैल चालतात. मला एवढंच विचारायचंय, की कोर्स बंद असेल तर आत जाता येतं का? पुलापर्यंत? की कुंपणाबाहेरून बघावं लागतं? तसं असेल तर आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊ, तुम्ही आमच्यासाठी काही बदलू नका.

मिलिंद, बुधवार सकाळी 6.20

केतकी, कुंपण नाही. रविवारी ओल्ड कोर्स सगळ्यांना फिरायला खुला असतो. गावातली माणसं कुत्री घेऊन, मुलं घेऊन 18 व्या होलच्या फेअरवेच्या मोकळ्या गवतावरून चालत असतात. स्विल्कन पुलावर जाऊन उभं राहता येतं, हवा तेवढा वेळ. इतर दिवशी खेळणारे येत असतात, सारखं मागे बघत घाईने उतरावं लागतं. तुझ्या बाबांसाठी रविवारच योग्य. ग्रीनवर आणि बंकरमध्ये पाय ठेवायचा नाही, हे त्यांना तू सांगायची गरज नाही.

गावाच्या बाजूने सुरुवात करा. 18 व्या ग्रीनपासून पूल अगदी जवळ आहे आणि सगळं सपाट. तिथून थोडं पुढे 17 वा, रोड होल. ग्रीनच्या मागे रस्ता आणि भिंत, पुढे तो खोल बंकर. दम असेल तर पुढच्या जोडग्रीनपर्यंत जा. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन्स दोन-दोन होलांना मिळून आहेत, आणि प्रत्येक जोडीची बेरीज 18 येते. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, अशी. बाबांना कदाचित माहीत असेल, पण जागेवर उभं राहून मोजायला त्यांना आवडेल.

विनायक, माझं सोमवारचं मत मागे घेतो. रविवारच ठेव. बॅलटसाठी आम्ही तिघं-चौघं एखाद्या आठवड्यात आपापले जाऊ.

आनंदकाका, बुधवार सकाळी 9.00

केतकी, बाबांना फोनवर विचार, त्यांच्या काळी पुण्यात लाकडी दांड्याचे क्लब कुणाकडे होते का. माझ्याकडे हिकरीचा एक जुना क्लीक (लोखंडी टोकाचा क्लब) आहे, पकड नवीन चामड्याची करून घेतली आहे. तो बरोबर आणतो. त्यांच्याशी चालायला मला आवडेल, माझेही गुडघे तेवढेच चालतात. मसलबराचा मुद्दा सप्टेंबरच्या बैठकीत मांडीनच.

केतकी, बुधवार दुपारी 12.40

काका, आत्ताच विचारलं. म्हणाले, पितळी टोक असलेला एक पटर होता, एका वयस्कर साहेबांचा, तो पुसायचं काम बाबांकडेच असायचं. एक अडचण मात्र आहे, बाबा डावखुरे आहेत. तुमचा क्लीक उजव्या हाताचा असेल ना? शुभदाताई, हिमालयाजला डावखुरा पटर मिळतो का, विचाराल का?

शुभदा, बुधवार दुपारी 1.05

विचारते. नसला तर शेजारच्या घरी एक डावखुरा मुलगा आहे, त्याचा मागून आणते.

विनायक, बुधवार रात्री 10.15

मंडळी, ठरलं. रविवार 21 जून, सेंट अँड्र्यूज.

खेळणाऱ्यांसाठी मी न्यू कोर्सवर लागोपाठ तीन टी टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) मागतोय, साधारण सव्वादहापासून. न मिळाल्यास जुबिली कोर्स. गट चार-चार-तीन, नावं मिलिंद लावेल, तक्रारी त्याच्याकडे. नवशिके आणि मोठी मुलं बालगोव्ह कोर्सवर जाऊ शकतात, नऊच होल आहेत आणि तिथे कुणी घाई करत नाही. न खेळणाऱ्यांची सकाळ वेस्ट सँड्स किनाऱ्यावर आणि हिमालयाजला. तीन वाजता सगळ्यांनी 18 व्या ग्रीनपाशी जमायचं, तिथून ओल्ड कोर्सवर चालत. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आहे, रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतीची बस साडेसातची ठेवतोय.

बस सकाळी 7 वाजता, नेहमीच्या थांब्यावरून. संजय वाटेत कर्कॉडीला चढेल. दाराजवळची पहिली सीट केतकीच्या बाबांची, पाय लांब करता येतील. शुभदाताई, थालीपीठं 45 धरा, गेल्या वेळी कमी पडली होती. दही मी आणतो. वारा पश्चिमेचा असला तर किनाऱ्यावर चटया उडतात, कुणीतरी तंबूचे खिळे आणा.

विनायक