ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालेल का?

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. सोसायटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेंटेनन्सची बिले आणि शेअर सर्टिफिकेटच्या नोंदी असल्याने तो तसाच वापरणे धोक्याचे आहे. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने ‘हे मशीन विंडोज ११ घेणार नाही’ असे सांगून नव्याचे कोटेशन दिले आहे. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड (मशीन सुरू होण्याची पद्धत) यासमोर ‘लेगसी’, म्हणजे जुनी, आणि विंडोज ११ ला लागणाऱ्या सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) यासमोर ‘अनसपोर्टेड’ दिसते. कृपया जाणकारांनी मत द्यावे.

बी-६०४ : सचिवसाहेब, कोटेशन इतक्यात मंजूर करू नये, ही विनंती. काल मी ऑफिसात बसून मशीन नीट पाहिले. लेगसी पद्धतीने सुरू झालेल्या कोणत्याही मशीनवर सिक्युअर बूटपुढे ‘अनसपोर्टेड’ असेच येते. त्यावरून फर्मवेअरला (मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरला) ते जमतच नाही, असा अर्थ काढता येत नाही. प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-३ ८१०० आहे आणि तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ साठीच्या यादीत बसतो. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षा-सुविधा सापडत नाही, असा संदेश येत होता, म्हणून सुरू होताना डिलीट की दाबून सेटिंगमध्ये गेलो, तर इंटेल पीटीटी (इंटेलचे अंगभूत टीपीएम) हा पर्याय नुसता बंद ठेवलेला होता. तो चालू करताच टीपीएम २.० दिसू लागले. लेगसीऐवजी लागणाऱ्या यूईएफआय या नव्या पद्धतीचा पर्यायही तिथेच आहे.

सी-१०२ : दादा, मग यूईएफआयही लगेच लावून टाकावे का? महिनाअखेरची बिले काढायची आहेत, म्हणून विचारते.

बी-६०४ : ताई, तेवढे मात्र कुणीही करू नये. डिस्कवरील विभागांची मांडणी अजून एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे. ती जीपीटी या नव्या पद्धतीची न करता यूईएफआय लावले, तर विंडोज सुरूच होणार नाही आणि बिले खरोखरच अडकतील. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन असते आणि ते डेटा न पुसता डिस्कची पद्धत बदलते. त्यातली केवळ तपासणी मी करून पाहिली, ती यशस्वी झाली. तरीही बिलांच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन, तो दुसऱ्या मशीनवर उघडतो याची खात्री झाल्याशिवाय मी पुढे हात लावणार नाही.

सचिव : धन्यवाद. बिले २८ तारखेपर्यंत काढून घेऊ आणि त्यानंतरच्या रविवारी हे काम करू. यूपीएसची बॅटरी जुनी झाली आहे, ती त्याआधी बदलून घेतो. कोटेशन तोवर स्थगित ठेवत आहे.