इसब: ट्यूब बंद केली की आठ-दहा दिवसांत पुन्हा तिथेच. चुकतंय कुठे?

शंकेखोर
दोन्ही कोपरांच्या आत आणि गुडघ्यांच्या मागच्या लवणीत जुनं इसब, डॉक्टरी नाव ॲटोपिक डर्मटायटिस. मोमेटासोन 0.1 टक्के हे स्टेरॉइड मलम दिवसातून एकदा आणि जोडीला मॉइश्चरायझर चालू आहे. चार-पाच दिवसांत लाली जाते, खाज थांबते, म्हणून ट्यूब बंद. आठ-दहा दिवसांत पुन्हा त्याच जागी चालू. स्टेरॉइडची सवय लागली म्हणायचं का? "पातळ थर लावा" म्हणजे नेमकं किती? आणि आधी औषध की आधी मॉइश्चरायझर? 15 ग्रॅमची ट्यूब साधारण तीन महिने जाते, त्यावरून काही कळत असेल तर सांगा.

मोजूनमापून
कळतं ना, सगळं त्या शेवटच्या वाक्यातच आहे. सवय वगैरे नंतर बघू. मलम कमी पडतंय.

"पातळ थर" हा शब्दच घातक आहे, त्याऐवजी पेर मोजा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक सलग पट्टी पिळायची. नेहमीच्या 5 मिमी तोंडाच्या ट्यूबमधून ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन पंजे मावतील एवढ्या कातडीला पुरते. 1991 पासून त्वचारोगतज्ज्ञ हेच माप सांगतात. अख्ख्या हाताला, पंजा सोडून, तीन पट्ट्या लागतात. अख्ख्या पायाला, पाऊल सोडून, सहा.

आता तुमचा हिशेब. चार जागा, प्रत्येक एका पंजाएवढी धरली तर चार पंजे, म्हणजे दोन पट्ट्या, रोज 1 ग्रॅम. 15 ग्रॅमची ट्यूब दोन आठवड्यांत संपायला हवी. चार-पाच दिवसांच्या अनेक फेऱ्या होऊनही ती तीन महिने पुरत असेल, तर दर वेळी हवं त्याच्या जेमतेम निम्मं लागत असणार. आग दबते, विझत नाही.

दुसरी चूक थांबण्याची. लाली आधी जाते, आतली सूज मागे राहते. बरं झालं की नाही ते डोळ्यांनी ठरवू नका, डोळे मिटून बोट फिरवा. शेजारच्या चांगल्या कातडीपेक्षा तिथे खरखरीत किंवा जाड लागतंय का? लागत असेल तर काम बाकी आहे. जुन्या, जाड झालेल्या इसबाला दोन आठवडे सहज लागतात, कधी जास्तही.

आणि पूर्ण गुळगुळीत झाल्यावरही एकदम शून्यावर यायचं नाही. आठवड्यातले दोन दिवस, समजा शनिवार-रविवार, त्याच जुन्या जागांवर लावत राहायचं, काही दिसत नसलं तरी. असं काही महिने. वारंवार उलटणाऱ्या इसबात हा क्रम नेहमी वापरतात. किती महिने ते तुमच्या डॉक्टरांशी ठरवा.

पाणीदार
मॉइश्चरायझरचं मी सांगते. इथेही माणसं हात आखडता घेतात. पूर्ण अंग कोरडं असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागतं. छोट्या बाटलीत हे बसत नाही, म्हणून मोठा, साधा, बिनवासाचा डबा घ्या. डब्यात बोटं घालायची नाहीत, कोरड्या चमच्याने काढायचं, नाहीतर बोटांवरचे जंतू आत वाढतात.

आंघोळ कोमट पाण्याने, 5 ते 10 मिनिटांत आटपायची. नेहमीच्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 9-10 च्या घरात असतो आणि कातडीचा 5 च्या आसपास, त्यामुळे साबणाऐवजी सौम्य, साबणविरहित क्लेन्झर. घासायचं नाही. पंचाने टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, लावून टाकायचं. चोळून जिरवायचं नाही; केस ज्या दिशेला वळतात त्या दिशेने हात फिरवायचा. उलटा फिरवला की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, आणि मग "मला हे क्रीम चालत नाही" असं वाटायला लागतं.

आधी काय, यावर एकमत नाही. मध्ये अर्धा तास जाऊ द्या, एवढं पाळलं तरी पुरे. लागोपाठ लावलं तर औषध पातळ होतं आणि नको तिथे पसरतं.

चिरा पडलेल्या कातडीवर युरिया असलेलं क्रीम झोंबतं. चिरा भरेपर्यंत साधं पेट्रोलियम जेली चांगलं. मात्र ज्या कपड्यांत, चादरीत असं तेलकट मलम मुरलेलं असतं ते झटकन पेट घेतात. शेगडी, निरांजन, सिगारेट यांच्यापासून लांब.

खडूस_वाचक
वरचं सगळं बरोबर, पण निदान पक्कं असेल तरच. खाज आली की ट्यूब, या सवयीत गजकर्णावरही स्टेरॉइड चोळलं जातं. दोन दिवस खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते. कडा उंच, खवलेदार आणि मध्यभाग साफ असं कडं असेल, एकाच बाजूला असेल, घरात आणखी कुणाला असेल, तर खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. पाच मिनिटांची तपासणी आहे.

दुसरं, ट्यूबवरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. क्लोबेटासोन ब्युटिरेट 0.05 टक्के मध्यम ताकदीचं. क्लोबेटासोल प्रोपिओनेट 0.05 टक्के सगळ्यात जहाल गटातलं. टक्के तेच, फरक एका अक्षराचा! उलट हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का असूनही सौम्य. टक्क्यांवरून ताकद ठरत नाही.

शंकेखोर
हिशेब पटला. दोन गोष्टी राहिल्या. पापण्यांवरही थोडं येतं, तिथे हीच ट्यूब चालेल? आणि गुडघ्यामागे बऱ्या झालेल्या जागी पांढरट डाग आहेत. घरचे म्हणतात स्टेरॉइडने कोड आलं.

मोजूनमापून
पापण्यांवर ही नको. तिथली कातडी फार पातळ, आणि डोळ्याजवळ स्टेरॉइड दीर्घकाळ लावलं तर काचबिंदू, मोतीबिंदूचा धोका. तिथे बहुतेकदा टॅक्रोलिमस, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं मलम देतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. पहिले काही दिवस चांगलीच आग होते आणि लोक घाबरून सोडून देतात. कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर लावलं, ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली, तर आग कमी जाणवते. आठवड्याभरात बहुतेकांची जाते.

डाग बहुतेक इसबाचेच. सूज आली की रंगद्रव्य तयार होणं मंदावतं, सूज गेली की काही महिन्यांत रंग भरतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा, कडा स्पष्ट. हा फिकट, कडा विरलेल्या. तरी पुढच्या भेटीत दाखवा. स्टेरॉइडने कातडी खरंच पातळ झाली तर ती चुरगळलेल्या कागदासारखी दिसते, बारीक लाल शिरा उठतात. जहाल मलम महिनोन्महिने रोज लावलं, किंवा वर प्लॅस्टिक गुंडाळलं, की हे होतं.

पाणीदार
एक राहिलं. पिवळी खपली, लस वाहणं, जागा गरम लागणं म्हणजे जंतुसंसर्ग. डॉक्टरांकडे जा, नुसतं मलम वाढवू नका. आणि अचानक एकाच मापाचे, मध्ये टोचल्यासारखे खड्डे असलेले दुखरे फोड आले, अंगात ताप असेल, तर ते नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचं काम असू शकतं. तेव्हा उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. डोळ्याजवळ असेल तर त्याच तासाला.