१९२९ ची अमेरिकन नॅशनल बँक नोट, भाव कसा ठरतो?

नोटवेडा:
मंडळी, अमेरिकेत जुन्या सामानात २० डॉलरची १९२९ ची नोट मिळाली, वर नॅशनल करन्सी छापलंय, शिक्का तपकिरी, मधोमध घडी. ऑनलाइन कोणी म्हणतो जेमतेम दुप्पट, कोणी म्हणतो हजारो, खरं काय समजायचं?

चिल्लरपार्टी:
आधी डावीकडे बँकेचं नाव वाच. फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ शिकागो वगैरे (म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेतली बँक) असेल तर ती वेगळी नोट, दिसायला जवळपास सेम पण नॅशनल बँकेची नाही, आणि बऱ्यापैकी कॉमन. खऱ्या नॅशनलवर, म्हणजे सरकारी परवाना असलेल्या खासगी बँकेच्या नोटेवर, गाव, राज्य आणि जाड काळ्या आकड्यात चार्टर नंबर (त्या बँकेच्या परवान्याचा नंबर) असतो.

कागदीघोडे:
आणि भाव सालावर नाही, बँकेवर! १८६३ ते १९३५ मध्ये बारा हजारांवर बँकांनी या नोटा काढल्या, त्यात न्यूयॉर्कच्या बड्या बँकेची नोट सहज मिळते पण एखाद्या खेड्यातल्या बँकेच्या दोन-चारच उरल्या असतील तर मळकी असली तरी लोक तुटून पडतात, अलास्काची असेल तर विचारूच नका. बाकी कंडिशन नंतर. आणि कृपा करून इस्त्री फिरवू नका राव, धुऊ पण नका, ग्रेडिंगवाल्यांना (नोटेची कंडिशन तपासून दर्जा देणाऱ्यांना) कळतं आणि किंमत पडते.

नोटवेडा:
चार्टर नंबर आहे, सिरियल नंबरशेजारी तपकिरीत पण परत छापलाय?

चिल्लरपार्टी:
मग टाइप २, १९३३ पासूनच्या; टाइप १ वर हा तपकिरी नंबर नसतो. बहुतेक बँकांच्या टाइप १ पेक्षा कमीच निघाल्या. गावाचं नाव टाक, जुन्या लिलावांचे भाव बघून सांगतो.