सेन्सर ६५० दाखवतो, तरी मीटिंग रूम कोंदट का?

रिटर्न डक्टमधला (खोल्यांतली हवा एसीकडे परत नेणाऱ्या नळीतला) कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर ६५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ६५० भाग) वर जात नाही, तरी मीटिंग रूममध्ये माणसं पेंगतात, असा एक प्रश्न आहे. साहजिक आहे. रिटर्नमध्ये सगळ्या खोल्यांची हवा मिसळते, आणि रिकाम्या खोल्या भरलेल्या खोलीचा आकडा खाली ओढतात. सेन्सर त्याच खोलीच्या भिंतीवर, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर, दार आणि ग्रिलपासून लांब लावा. सेन्सरच्या मागे वायर येते त्या पाइपचं भोक सिलिकॉनने बुजवाच. नाहीतर फॉल्स सीलिंगवरची हवा त्यातून उतरते आणि सेन्सर तीच मोजत बसतो.

ऑटो-कॅलिब्रेशनही (सेन्सरने आपला आकडा आपोआप जुळवून घेणं) बघा. काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, साधारण ४०० पीपीएम, असं ते धरून चालतं. तीन शिफ्टच्या ऑफिसात हवा तितकी खाली येतच नाही. मग सेन्सर हळूहळू कमी दाखवतो, त्याच्या आकड्यावर चालणारा डॅम्पर (ताजी हवा आत सोडणारी झडप) मिटत जातो आणि स्क्रीनवर सगळं छान दिसतं! तिथे ते बंद करून ठरावीक काळाने हाताने कॅलिब्रेट करा.

बसून काम करणारा माणूस सेकंदाला सुमारे ०.००५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा दिली, तर आकडा बाहेरच्यापेक्षा ५०० ने वर स्थिरावतो. सेटपॉइंट (ज्या आकड्यावर डॅम्पर उघडायचा तो) त्यावरून काढा. डॅम्पर मात्र पूर्ण मिटू देऊ नका. रंग-फर्निचरची वाफ या सेन्सरला कळत नाही.