प्रतिसाद: रोख पैसे खरंच दारूत जातात का?
वर एकांनी लिहिलंय की गरिबाच्या हातात रोख दिली की ती थेट गुत्त्यावर जाते. केनियात नेमकं हेच तपासून झालंय. 2011 ते 2013 दरम्यान रारिएडा भागात गिव्हडायरेक्टली संस्थेने गरीब कुटुंबांना एम-पेसावर (तिथली मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय) पैसे पाठवले, काहींना एकरकमी, काहींना दरमहा. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. एकरकमीवाल्यांपैकी अनेकांनी गवताचं छप्पर काढून पत्रे घातले. दरमहावाल्यांची खाण्यापिण्याची ओढाताण कमी झाली. पत्र्यांना हसू नका, गवत सारखं बदलावं लागतं, तो खर्च वाचतो.

इथे कोथरूडला आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींची सून वेल्ह्याकडे गावी असते. तिला लाडक्या बहिणीचे 1500 मिळतात. आधी तिने किराण्याची उधारी मिटवली. आता रोख मोजते म्हणून दुकानदार तांदूळ हातात घेऊन बघू देतो. पूर्वी देईल तो मुकाट्याने घ्यावा लागायचा. सासूला न विचारता भिशीतही नाव घातलं, त्यावरून मावशी अजून धुसफुसतायत. (मी सुनेच्या बाजूने आहे, पण पोळ्यांचा प्रश्न असल्याने गप्प बसते.)

1500 रुपयांत गरिबी हटते असं मात्र कुणी म्हणू नये. पोराला घेऊन पुण्यात दवाखान्याची एक फेरी झाली की संपले. शिवाय पैसे कधी जमा होतील याचा नेम नाही, आणि भिशीचा हप्ता चुकला की बोलणी तिलाच खावी लागतात.