पगचं खाणं, पिल्लापासून म्हातारपणापर्यंत
ताई, पग जातीच्या कुत्र्याच्या तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून दोनदाच खायला दिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत. कृपया नका करू. एवढ्याशा पिल्लाचं पोट लहान, फार वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून ते मलूल पडू शकतं. चार महिन्यांपर्यंत चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग सकाळ-संध्याकाळ. साधारण वर्षाचं झालं की मोठ्या कुत्र्यांच्या खाण्यावर आणा, पण आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत.

खरी परीक्षा त्यानंतर. पग कधीच 'पुरे' म्हणत नाही. आमची चिंगी नसबंदीनंतर वर्षभरात साडेदहा किलोची झाली. पगचं वजन साधारण ६ ते ८ किलो हवं. जिना चढताना तिच्या घशातून येणारी घरघर ऐकून माझा जीव कासावीस व्हायचा. चपट्या नाकामुळे श्वास आधीच अडतो, त्यात ही चरबी. मग कुत्र्यांच्या तयार खाण्याचे दाणे वजनकाट्यावर मोजून द्यायला लागलो, आजीच्या ताटातली तूप-पोळी बंद केली (हे सर्वांत अवघड गेलं), बक्षीस म्हणून काकडी-गाजर. आठ महिन्यांत आठ किलोवर आली, घरघरही कमी झाली.

खोलगट वाडग्याऐवजी पसरट ताटली ठेवा, चपट्या तोंडाला उचलायला सोपं जातं. उन्हाळ्यात भर दुपारी जेवण नको. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नाही.

चिंगी आता नऊ वर्षांची आहे. दात पडलेत, म्हणून दाणे कोमट पाण्यात भिजवून देतो.