लपवून बाळगायचं पिस्तूल: जितकं लहान तितकं चांगलं, हे मला पटत नाही

(लेख आणि त्याखालचे प्रतिसाद; प्रत्येकाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

माशीवर नजर

परवाना आहे, कायद्याने अंगावर बाळगायची मुभा आहे, आता कुठलं पिस्तूल घेऊ, असं कोणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: सगळ्यात लहान आणि हलकं घ्या, कपड्याखाली दिसत नाही. मीही तेच केलं होतं आणि पस्तावलो, म्हणून हे लिहितोय.

माझं ते पिस्तूल तळहातात मावायचं. पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी पन्नास गोळ्या झाडल्या, एकदाही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी नुसत्या डाव्या हाताने झाडायला घेतलं आणि तिसऱ्याच गोळीला रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) उभी अडकली. पुढच्या मॅगझिनला (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) पुन्हा तेच. दोष पिस्तुलाचा म्हणावा तर दुकानदाराने माझ्यासमोर तेच पिस्तूल सुरळीत चालवून दाखवलं. माझं मनगट ढिलं पडत होतं.

लहान पिस्तूल इतकं नाजूक का, हे मला नंतर कळलं. त्याची स्लाइड हलकी असते आणि तिला मागे जायला जागा कमी असते. म्हणून स्प्रिंग ताठ लावावी लागते. स्लाइड झटकन मागे जाते आणि झटकन पुढे येते. तेवढ्या वेळात पुंगळी बाहेर पडायला हवी आणि मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढची गोळी वर आणायला हवी. मनगटाने नीट आधार दिला नाही, तर मागे जाण्याची ताकद हातातच जिरते आणि स्लाइड पुरती मागे जातच नाही. मोठ्या पिस्तुलात हीच चूक बऱ्याचदा खपून जाते.

म्हणून माझं मत: ‘हे मॉडेल भरवशाचं’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. भरवसा चार गोष्टींचा मिळून असतो: ते एक पिस्तूल, ते एक मॅगझिन, ती एक गोळी आणि तुमचा हात. मी आता ग्लॉक १९ च्या मापाचं वापरतो. नळी १०२ मिमी, पंधरा गोळ्यांचं मॅगझिन, रिकाम्या मॅगझिनसकट पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास. जड आहे, मान्य. पण कमकुवत (माझ्या डाव्या) हाताने, घामेजल्या हाताने, साफ न करता चालतं.

खिशातलं बरं

साफ असहमत. पावणेसातशे ग्रॅमचं पिस्तूल लोक पहिला आठवडा बाळगतात, मग उन्हाळा येतो, मग ते कपाटात राहतं. माझं स्वतःचं तेच झालं. दोन वर्षं मी परवानाधारक होतो आणि पिस्तूल घरी होतं.

शिवाय तुम्ही १९८८ साली आलेल्या मापाची बाजू घेताय. २०१८ मध्ये सिग पी ३६५ आलं तेव्हा गणितच बदललं: मॅगझिनमध्ये दहा अधिक नळीत एक गोळी, सुमारे पाचशे ग्रॅम, नळी ७९ मिमी. त्याआधी एवढ्या लहान अंगात साधारण सहा-सात गोळ्याच मावायच्या. मनगट ढिलं पडत असेल तर सराव वाढवा, पिस्तूल कशाला वाढवता?

माशीवर नजर

सराव वाढवायलाच लहान पिस्तूल आड येतं. तीस गोळ्यांनंतर तळहात हुळहुळायला लागतो आणि माणूस रेंजवर जाणं टाळतो. पावणेतीनशे ग्रॅमच्या रुगर एलसीपीने शंभर गोळ्या झाडून बघा, मग बोलू. पी ३६५ त्यापेक्षा पुष्कळ सुसह्य आहे, हे मात्र कबूल.

पाच पुरेत

दोघंही स्लाइड, स्प्रिंग, मनगट यावर भांडताय. रिव्हॉल्व्हरला यातलं काहीच लागत नाही! स्मिथ अँड वेसनची पाच गोळ्यांची, लहान चौकटीची रिव्हॉल्व्हर १९५० पासून चालत आली आहे. हलक्या धातूचं, घोडा (मागचा आपटणारा हातोडा) आत झाकलेलं मॉडेल चारशे-सव्वाचारशे ग्रॅम भरतं. गोळी उडाली नाही तर चाप पुन्हा ओढायचा, पुढची गोळी आपोआप समोर येते. मॅगझिन नाही, त्यामुळे मॅगझिनचे ओठ (वरच्या कडा) वाकण्याची भीती नाही.

खिशातलं बरं

आणि पाच-साडेपाच किलोच्या जोराने ओढावा लागणारा चाप? त्या ओढीत माशी (नळीच्या टोकावरची नेमखूण) जागेवर ठेवणं फार थोड्यांना जमतं. नळी दोन इंचांच्या आत-बाहेर, साइट्स नावापुरत्या. माझ्या मते नवशिक्यासाठी सगळ्यात अवघड शस्त्र तेच, आणि नेमकं तेच नवशिक्याच्या हातात देतात.

माशीवर नजर

इथे मी ‘खिशातलं बरं’ यांच्या बाजूने. शिवाय रिव्हॉल्व्हर अडतच नाही हा गैरसमज आहे. फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने शेजारच्या काडतुसाची गोळी पुढे सरकते आणि काडतुसांचं चक्र फिरायचं थांबतं. न जळलेल्या दारूचे कण चांदणीखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणारा भाग) बसले तरी चक्र घट्ट होतं. पिस्तूल अडलं तर मॅगझिनला खालून थाप, स्लाइड मागे, की बहुतेक वेळा सुटतं. रिव्हॉल्व्हर असं अडलं तर ते बाजूला घेऊन बसावं लागतं.

सांधेदुखी

तुमच्या चर्चेत एक माणूस कुठेच नाही: ज्याला स्लाइड ओढताच येत नाही. माझ्या अंगठ्याचे सांधे गेले आहेत. दुकानात प्रत्येकाने मला सर्वात लहान पिस्तूल दाखवलं, ‘ताई, तुमच्या हाताला हेच शोभेल’ म्हणून. आणि सर्वात लहान पिस्तुलाचीच स्लाइड सर्वात ताठ! कोणालाच हे ठाऊक नसावं, याचा मला खरंच राग आला.

मी शेवटी .३८० कॅलिबरचं (म्हणजे गोळीच्या मापाचं) स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड पिस्तूल घेतलं. ते २०१८ मध्ये आलं. आठ गोळ्या, स्लाइड हलक्या हाताने मागे येते, मॅगझिन भरतानाही बोटं दुखत नाहीत. गोळी ९ मिमीपेक्षा कमजोर आहे, ठाऊक आहे. पण स्वतःच्या हाताने भरता येणारं पिस्तूल मला हवं होतं.

माशीवर नजर

ताई, हे मूळ लेखात यायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं.

जुना शिक्षक

कॅलिबरवर थोडं. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर अमेरिकेची तपास संस्था एफबीआय ९ मिमी सोडून १० मिमीकडे आणि मग १९९० मध्ये आलेल्या .४० कॅलिबरकडे गेली. पुढे गोळ्यांची बनावट सुधारली आणि ती पुन्हा ९ मिमीवर आली. चाचणीच्या जेलीत १२ ते १८ इंच शिरणारी गोळी त्यांना हवी असते. चांगली ९ मिमी त्यात बसते आणि धक्का कमी, म्हणून नेम लवकर परत लागतो. बाकी तुमच्या देशात कुठलं कॅलिबर नागरिकाला मिळतं, तो प्रश्न आधी.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. कोणीही होल्स्टरबद्दल (पिस्तूल अंगावर ठेवायचं म्यान) अक्षर लिहिलेलं नाही. हल्लीच्या बऱ्याच पिस्तुलांना बाहेरून सेफ्टीचा खटका नसतो. आतल्या सेफ्टी पिस्तूल पडलं तर सांभाळतात, पण चाप ओढला गेला तर ते उडणारच, मग तो बोटाने ओढलेला असो की जाकिटाच्या नाडीने. मऊ, चोळामोळा होणारं होल्स्टर चापाशी घुसतं. चाप पूर्ण झाकणारं, कडक होल्स्टर घ्या आणि पिस्तूल परत ठेवताना बघून, सावकाश ठेवा. बाहेर काढायची घाई समजू शकतो, आत ठेवायची घाई कशासाठी?

पाच पुरेत

म्हणूनच चेंबर (नळीतली गोळीची जागा) रिकामं ठेवावं, असं काही जण म्हणतात.

जुना शिक्षक

मग स्लाइड ओढायला दुसरा हात मोकळा असेलच, असं धरून चालावं लागतं. त्या हाताने मूल धरलेलं असेल, दार ढकलत असाल. चेंबर भरायची भीती वाटत असेल तर खटक्याचं मॉडेल घ्या आणि खटका पाडण्याचा सराव रोज करा. भीती वाटणं चूक नाही, पण तिच्यावर अर्धवट उपाय नको.

नको ते घरात

मी विरोधात आहे. लहान की मोठं, माझ्यासाठी दोन्ही सारखंच. अंगावरचं पिस्तूल रात्री कुठे जातं? उशीजवळ, पर्समध्ये, खणात. घरात लहान मुलं असतात, खचलेली माणसं असतात. एवढ्या प्रतिसादांत कुलूप हा शब्द एकदाही आला नाही, हे मला भयंकर वाटतं.

माशीवर नजर

बाळगूच नये, हे मला मान्य नाही. धमकी मिळालेल्या माणसाला मी तसं सांगू शकणार नाही. पण कुलपाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. अंगावर नाही ते पेटीत, आणि पेटीची किल्ली दुसऱ्या कोणाला सापडणार नाही अशी. पेटीचा खर्च झेपत नसेल तर पिस्तूल घेऊ नये. आणि घरात कोणी खचलेलं असेल, तर तेवढे दिवस पिस्तूल घरात नको.

खिशातलं बरं

मूळ मुद्द्यावर येतो. लहान पिस्तूल भरवशाचं आहे, हे सिद्ध करायला मी काय करू, ते एकदा स्पष्ट सांगा.

माशीवर नजर

मॅगझिनांवर आकडे लिहा. सरावाच्या दोनशे गोळ्या मध्ये साफ न करता झाडा. मग जी गोळी रोज बाळगता तीच, निदान पन्नास, प्रत्येक मॅगझिनमधून. त्यातल्या काही एका हाताने, काही कमकुवत हाताने. अडलं तर मॅगझिनचा आकडा टिपून ठेवा.

खिशातलं बरं (तीन आठवड्यांनी)

केलं. १ आणि ३ नंबरची मॅगझिनं निर्दोष. २ नंबरचं दोनदा अडलं, दोन्ही वेळा शेवटच्या गोळीला. स्प्रिंग थकली होती. ते सरावाच्या डब्यात टाकलं. पिस्तूल बदलणार नाही.

माशीवर नजर

डाव्या हाताने?

खिशातलं बरं

ते राहिलंय. रविवारी जातो.